आईचा सा, काळी चार

बारावीच्या वर्षी मी आईचा सा पुसून टाकला.

तो दुष्काळाचा काळ. दिवाळी झाली आणि आमचं अख्खं भजनी मंडळ ऊस तोडायला सहकारी कारखान्यावर निघून गेलं! पेटी वाजवणारे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तेही गेले. मागं उरली माझी बारावी आणि त्या बारावीसाठी थांबलेली आई. निघताना अण्णांनी पेटीच्या काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर, कुंकवाचा ठिपका लावला.

"सुमे, हा तुझ्या आईचा सा हाय. माघात ती लिंबागणेशच्या गणपतीपुढं गाणार, तू वाजवायचं. मुकादमाकडून एक दिस मागून मी येतोच."

त्या एका दिवसाची आईनं तीन महिने वाट पाहिली. टँकरच्या रांगेतही गुणगुणायची (भांडायचीसुद्धा सुरात!). ठिपक्यावरून माझी बोटंही बरी चालू लागली होती.

गाण्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीनं पेटी शिकायचं पुस्तक दिलं. चित्रात सा होता पांढरी एकवर! म्हणजे आमचं घर इतकी वर्षं चुकीचं गात होतं! मी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं आणि सा, रे, ग लिहिलेल्या चिठ्ठ्या डिंकानं पट्ट्यांवर डकवल्या.

"कावून पुसलंस गं?"

"आई, पुस्तकात असंच आहे."

"मंग असंल बाई. तू शिकलेली."

दुसऱ्या दिवशी अण्णा ट्रकमधून उतरून थेट देवळात आले. त्यांना पाहून आईचा चेहरा उजळला. मी पांढरी एकवरून सूर दिला. आई त्या सुरापर्यंत कशीबशी चढली, पण अंतरा वरच्या, तार सप्तकात शिरला आणि तिचा आवाज असा फाटला, की पुढच्या बाईचं तान्हं दचकून रडू लागलं!

मी घाबरून अख्खं सप्तक खाली उतरले. थेट मंद्र! आता आईचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

"लाईट गेली का बे?" माईकवाला साथीदारावर ओरडला.

आई थांबली. तिचे डोळे भरून आले. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

अण्णा उठले. उसाच्या पात्यांनी चिरलेलं बोट त्यांनी आईकडे बघत, पेटीकडे न बघता, काळी चारवर ठेवलं.

"तिचा सा हितं ऱ्हातो. माझा पुस्तकातला पक्का सा तिच्या गळ्यात दोन सूर वरचा साधा ग होता, एवढं शिक्षण मला तिथं मिळालं."

हे शेवटचं वाक्य अर्थातच माझं. अण्णा पहिल्या चार शब्दांवर थांबले होते. आई डोळे मिटून गायली, अण्णांनी वाजवलं, मी भाता हलवला. दुपारच्या ट्रकनं ते परत गेले.

आता दोघंही नाहीत. फार आठवण येते. मी संगीत शिक्षिका आहे, सप्तकांवर तासभर बोलते. घरी येऊन पेटी उघडते, डोळे मिटते आणि न बघता काळी चारवर बोट ठेवते. दरवेळी ते काळी तीनवर पडतं! शेवटी कुंकवाचा ठिपका मीच पुन्हा लावून घेतलाय.