बन्सीच्या जागी

सत्तरच्या दशकात नागपूरला एका संशोधन-शेतावर मी नोकरी करत होते. काम होतं गव्हाला रोग लावायचं. तांबेरा पडलेल्या पानांवरची विटकरी भुकटी पाण्यात कालवायची नि निरोगी रोपांवर फवारायची. त्यातून जी तगतील, त्यांचं बी पुढे न्यायचं. बाकीची माझ्यादेखत वाळून जायची.

संक्रांतीला मौद्याजवळच्या आमच्या गावी जाताना मी केस धुवायचे, कामाचे कपडे खोलीवरच ठेवायचे. तरी वावरात उतरायची हिंमत व्हायची नाही. धुऱ्यावर, बांधावरच उभं राहून बाबांचा बन्सी, आमचा जुना गावरान गहू, बघायचे.

एकदा बाबा चिडले. "काहून वं, बापाच्या वावरात पाय ठेवाले लाज वाटते?"

"माह्या अंगाले तांबेरा चिकटून असला तं, बाबा?"

ते हसले. पोरगी शहरात जाऊन सोवळं शिकली, असं त्यांना वाटलं असावं.

त्याच वर्षी माघात तांबेरा आला. मी गेले, तर बाबांनी एक पान चोळून बोटं धोतराला पुसली. पांढऱ्या धोतरावर विटकरी पट्टा उमटला. शेजारची वावरंही गेली होती. संशोधन-शेतावरचे साहेब म्हणाले, "हा रोग वाऱ्यावर लांबून येतो. तुमचा काय संबंध?" त्यांचं खरं होतं. तरी त्या रात्री मी कामाचे कपडे दोनदा धुतले.

पुढे संशोधन-शेतावर तांबेऱ्यात तगलेलं एक वाण शेतकऱ्यांना मिळू लागलं. ते मी स्वतः बाबांना नेऊन दिलं. पीक वाढलं नि पानांवर फिके ठिपके दिसले.

"आला पाह्य तुझा तांबेरा!"

"नाही बाबा. रोग जिथं शिरला, तिथलं आपलंच थोडं अंग हे झाड मारून टाकते. तांबेऱ्याले जितं पान लागते. मेलेल्यात तो उपाशी मरते."

"आपलंच अंग मारते?" बाबा कितीतरी वेळ ते पान उलटंपालटं करत राहिले.

गहू भरघोस झाला. मग बाबांनी दरसाल तोच पेरला, गावानंही. कणगीत उरलेल्या बन्सीला कीड लागली, तेव्हा आईनं तो कोंबड्यांपुढे टाकला. मी तिथेच होते. मूठभर बी बाजूला काढून ठेवावं, हे मला सुचलं नाही.

शेवटच्या दुखण्यात बाबांनी बन्सीच्या रव्याचा शिरा मागितला. मी घरोघर विचारून आले. कुणाकडे मूठभरही नव्हता. आईनं नव्या गव्हाचाच केला.

दोन घास खाऊन बाबा म्हणाले, "बेस झाला." मग वाटी हळूच बाजूला सरकवली.

मी ती उचलून आत नेली, आणि उरलेला शिरा चुलीपाशी बसून एकटीनं संपवला.