सोपाननं मोडलेला हुकूम

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमची पलटण तेव्हा औरंगाबादच्या छावणीत होती. मी कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. गाव लासूर स्टेशन, त्यामुळे घराजवळ पोस्टिंग मिळालं म्हणून खूश होतो. सकाळी पीटी, मग हत्यारांची सफाई, दुपारी क्लास. पाणी आम्हालाही मोजूनच मिळे, पण मिळे.

पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे, टँकर भरायची एक जागा होती. शहराच्या नव्या वस्त्यांना तिथून पाणी जाई. आसपासच्या गावांना नाही. तिथं हाणामाऱ्या झाल्या, व्हॉल्व्ह फोडले गेले, आणि बंदोबस्ताला आमची एक प्लाटून पाठवण्यात आली. कमांडर एक सुभेदार होते. मी जीपमध्ये सेट घेऊन.

त्या प्लाटूनमध्ये लान्स नाईक सोपान होता. माझ्याच तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. बंडखोर वगैरे अजिबात नव्हता. परेडला बूट त्याचेच सगळ्यांत चकचकीत. सुभेदारसाहेब नव्या पोरांना त्याचंच उदाहरण द्यायचे.

एका सकाळी व्हॉल्व्ह गळायला लागला. शेजारच्या गावातल्या बाया धावत आल्या. आम्ही रस्त्याकडच्या बाजूला होतो. आम्ही पोहोचेपर्यंत त्यांनी घागरी, हंडे, तेलाचे डबे भरून घेतले होते. कुणी काही फोडलं नव्हतं. गळकं पाणी होतं, मातीतच जाणार होतं.

सुभेदारसाहेबांनी माझ्या हातून हँडसेट घेतला.

"व्हॉल्व्ह बंद केला, सर. लोकांनी पाणी भरून घेतलंय. ओव्हर."

पलीकडून कंपनी कमांडर म्हणाले, "आज नेऊ दिलं तर उद्या दहा गावं येतील. ओतून टाका. तिथंच, सगळ्यांसमोर. आउट."

हुकूम सुटला. जवान रांगेनं पुढं झाले आणि बुटांनी घागरी आडव्या करू लागले. ही पोरं कुठली? बीडची, जालन्याची, पैठणची. ज्यांच्या आया तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालत होत्या, ती. एक जण तर हसत होता.

सोपानसमोर एक म्हातारी होती, दोन घागरींना हात लावून बसलेली. तो नुसता उभा राहिला.

सुभेदारसाहेब म्हणाले, "सोपान, हुकूम ऐकलास ना?"

"ऐकला, साहेब."

"मग?"

"माझ्याच्यानं नाय व्हणार."

"ऑर्डर आहे."

"व्हय साहेब. रायफल जमा करू का?"

म्हातारीच सोपानला म्हणाली, "लेकरा, बाजूला हो. तुला सजा देतील." तो हलला नाही. सुभेदारांनी दुसऱ्याला खूण केली. त्यानं बाजूनं येऊन दोन्ही घागरी लाथेनं पाडल्या. पाणी सोपानच्या बुटांवरून गेलं. बाया पदर चिखलावर पसरून तो भिजवू लागल्या आणि भांड्यात पिळू लागल्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

सोपानला निःशस्त्र करून गाडीत बसवलं. परतताना शहराच्या कडेला एका नव्या इमारतीजवळ टँकर उभा दिसला. सकाळी आमच्यासमोर भरलेला. त्याच्या पाइपनं स्लॅबवर पाणी मारणं चाललं होतं.

सोपानची लान्स नाईकची फीत काढली, त्याला पुन्हा शिपाई केलं. छावणीच्या क्वार्टर गार्डच्या कोठडीत कैद झाली. मी चहा घेऊन गेलो तेव्हा विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लई वाटली."

"मग एवढं बळ आलं कुठून?"

त्यानं कप खाली ठेवला. "बळ कसलं? हुकूम साहेबांचा व्हता, पण पाय तर माझाच व्हता ना."

याहून चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यांच्या माणसांनाही, चुकीचा हुकूम का पाळलात, असं मी विचारून पाहिलं. ते परिस्थितीचं कारण सांगतात.

पुढं पलटण काश्मीरला गेली. सोपान शिपाई म्हणूनच गेला. एका पेट्रोलवर, म्हणजे गस्तीच्या तुकडीवर, फायर आला. मी बेसवर सेटजवळ होतो. "एक कॅज्युअल्टी, ओव्हर," एवढंच ऐकू आलं. नाव नंतर कळलं, सोपानचं.

कित्येक वर्षांनी त्याच्या गावात स्मारकाची कमान झाली. मला बोलावणं होतं. सुभेदारसाहेबही होते, मंचावर, फेटा बांधून. शहरात प्लॉटिंगचा धंदा करणारे एक पुढारी भाषण करत होते. "सोपानराव म्हणजे आज्ञाधारकपणाचा आदर्श. वरिष्ठांचा शब्द त्यांनी आयुष्यात कधी मोडला नाही." सुभेदारसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोपानची बायको, कमलवहिनी, माझ्या शेजारी बसली होती.

"भाऊजी, ह्यो कुणाचं सांगतोय?"

"माहीत नाही, वहिनी."

"ह्यांनी मला घागरींचं सांगितलं व्हतं. तुम्ही तिथं व्हता ना? मग उठा अन् सांगा."

मी उठलो. माईक मागून घेतला आणि जे घडलं ते सांगितलं. हुकूम काय होता, कुणी पाळला, कुणी मोडला. सुभेदारसाहेब जमिनीकडं बघत होते. पुढाऱ्यानं माईकवाल्याला खूण केली आणि माईक बंद पडला. उरलेलं मी तसंच, मोठ्यानं सांगितलं. माझं संपलं तेव्हा कुणीच टाळी वाजवली नाही.

वहिनी उठल्या, मंचावर चढल्या. पुढाऱ्यानं घातलेला हार त्यांनी सोपानच्या फोटोवरून काढून टेबलावर ठेवला. फोटो पदरानं पुसला आणि काखेत घेतला.

"कार्यक्रम व्हायचाय अजून, ताई," पुढारी म्हणाले.

"तुमचा चालू द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी घरी नेते."