पाटी डोक्यावर असताना विचारलेला प्रश्न

माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय की मी लोकांना पुढे नेते. आता चहा घेता घेता ऐका, कारण त्याच मी एका सकाळी धाकटी डहाणूतला अख्खा गट मागे घालवला. आणि केलं काय? एक प्रश्न विचारला.

गट सुकी मासळी विकणाऱ्या आठ बायकांचा. मी त्यांची नवी समन्वयक, एका संस्थेने नेमलेली. मूळची तलासरीकडच्या वेवजीची, भातशेतीवाल्या घरातली, शिक्षण बीए. रिक्षाचा हॉर्न वाजला तरी माझ्या हातातली पर्स पडते. अशा मुलीने आईच्या वयाच्या बायकांना हुकूम सोडायचे कसे?

म्हणून संस्थेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मला फारच आवडलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सांगू नका, विचारा. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी विचारा. ते त्यांच्या तोंडून येऊ दे. पहिला प्रश्न, तुम्हाला कुठे जायचंय? आणि मग गप्प बसा."

गप्प बसणं? ते तर मला जन्मापासून येतं.

दुसऱ्याच दिवशी आशागडच्या बाजारात आमच्या गटाला पहिल्यांदा जागा मिळाली होती. अट एकच. दहा वाजता गटाचं माणूस जागेवर नसेल, तर जागा दुसऱ्या गटाला. साडेआठला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा. हेमाकाकी, गटातल्या सगळ्यात मोठ्या, सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या.

मी श्वास घेतला. "काकी, तुम्हाला कुठे जायचंय?"

काकी जागच्या जागी थांबल्या. माझ्याकडे बघितलं. वळल्या आणि पाटीसकट घरात गेल्या.

मी खूश. विचार करायला गेल्या म्हणजे प्रश्न खोलवर पोचलाय, नाही का?

मग समोरच्या घरातून सुगंधाकाकी निघाल्या. त्यांनाही विचारलं. त्याही आत. तिसरी आत, चौथी आत. इतका परिणाम होईल असं मॅडमनाही वाटलं नसेल. उरलेल्या चौघींनी तर मला दुरूनच बघून दारं लोटून घेतली.

टेम्पोवाले भरतभाई गुजरातेतल्या उंबरगावकडचे. ते खाली उतरून आले. "बेन, या सगळ्या पाछा केम गेल्या?"

"विचार करताहेत, भाई."

"नऊ वाजले, बेन."

हेमाकाकींच्या दारातून डोकावले, तर पाटी जमिनीवर आणि काकी पाटावर बसून सावकाश पाणी पिताहेत. प्रशिक्षणातला दुसरा प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप निघाला.

"काकी, तुम्हाला नक्की काय अडवतंय?"

"तू," काकी म्हणाल्या.

मी दाराची कडी धरली.

"डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या बाईला कुठे चाललीस म्हणून विचारतात काय गो? दर्यावर निघालेल्या माणसाला तरी कोण विचारतं? विचारलं की काम बिघडतं. मग परत घरात यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. तुमच्या तलासरीकडे विचारतात?"

"आमच्या वेवजीत नाही विचारलं तर लोक रागावतात, काकी. म्हणतात, शिकली म्हणून बोलत नाही."

एव्हाना सुगंधाकाकी मागे येऊन उभ्या होत्या. "आणि बाय, जागा तूच घेतलीस ना? मग तुलाच ठाऊक नाही, कुठे जायचं ते?"

मी माफी मागितली. काकींनी पाटी उचलली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. विषय संपला होता. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं हो! तोंड आवरलं नाही.

"काकी, मग कुठे जाताय असं नाही विचारायचं, तर काय विचारायचं?"

काकी पुन्हा आत. सुगंधाकाकींनी कपाळावर हात मारला. पलीकडच्या घरात कोणीतरी परत पाण्याचा तांब्या भरत असल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

सव्वानऊ. आता जागा जाणार, तीही माझ्यामुळे. माझे डोळे भरून आले.

हेमाकाकींनी पाणी संपवलं, पदराने तोंड पुसलं आणि प्रशिक्षणाशिवाय सरळ हुकूम सोडला. "रडू नको. रिक्षा पकड, आशागडला जा, जागेवर बैस. तू गेलीस की आम्ही निघतो. आणि रिक्षावाल्याला काही विचारू नको."

दहाला सात मिनिटं कमी असताना मी त्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसले. पुढ्यात माल नाही, पाटी नाही, नुसती पर्स. एक आजोबा थांबले. "काय विकतेस?"

"अजून काही नाही."

"मग बसलीस कशाला?"

किती मोकळा प्रश्न! मॅडमना आवडला असता.

साडेदहाला टेम्पो आला. आठही जणी हसत उतरल्या आणि दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या झाल्या.

संध्याकाळी प्रशिक्षणवाल्या मॅडमचा फोन. "गटाने जागा राखली म्हणे. शाब्बास! मला सांग, तू नेमकं काय केलंस, तेव्हा बायका पुढे सरकल्या?"

विचारून मॅडम गप्प बसल्या. उत्तर माझ्याच तोंडून यायला हवं होतं.

"मी तिथून गेले, मॅडम."