नाल्यात गेलेला पगार

बैठकीत पगाराचा विषय निघाला की हवालदार उठायचे आणि बाहेर आपल्या स्कूटरपाशी जाऊन उभे राहायचे. स्कूटरला काही झालेलं नसायचं. तरी आरसा पूस, क्लचची तार ओढून बघ, असं काहीतरी करत राहायचे. आत हशा पिकलेला ऐकू यायचा. विषय बदलला की येऊन गुपचूप खुर्चीत बसायचे. ते का उठतात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांना कोणी हाक मारायचं नाही.

निवृत्त सैनिकांची ही बैठक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी भरायची. जागा म्हणजे एका गोदामामागची पत्र्याची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाची किटली, आणि कुणाचं पेन्शनचं काम कुठे अडलंय ते खडूने लिहिलेला एक फळा. आधी गुडघे आणि साखरेवर बोलणं व्हायचं, मग गाडी जुन्या दिवसांवर यायची. पगाराचा विषय हमखास कारकून काढायचा. पलटणीत तो कंपनीचा कारकून होता आणि तेच नाव त्याला जन्माचं चिकटलं होतं. मैदानात टेबल, टेबलावर घोंगडी, घोंगडीमागे साहेब. शिपायाने पाय आपटत यायचं, सलाम ठोकायचा, नंबर ओरडायचा, नोटा घ्यायच्या, पुन्हा सलाम. न्हाव्याचे कापले, धोब्याचे कापले, हरवलेल्या बटणाचेही कापले; हातात पडण्याआधीच पगाराला पाय फुटायचे. एक जण तर घाबरून शेजाऱ्याचाच नंबर ओरडला आणि त्याचा पगार घेऊन आला, ही गोष्ट कारकून दर वेळी सांगायचा आणि लोक दर वेळी हसायचे.

त्या रविवारी मात्र कोणी हसलं नाही.

त्या दिवशी एक नवे सुभेदार आले होते. धाकट्या भावाजवळ राहायचं म्हणून नुकतेच गावात राहायला आले होते. हवालदारांच्याच पलटणीतले, पण दुसऱ्या कंपनीचे. पूर्वी ओळख नव्हती. सडपातळ, ताठ, बोलणं मोजकं. कारकुनाची गोष्ट संपायच्या आत ते म्हणाले, "एका वर्षी आम्हाला पगार आलाच नाही. मी वरच्या चौकीवर होतो."

हवालदार तोवर दारापर्यंत पोचले होते. तिथेच थांबले.

"पेटी ज्याच्या पाठीवर होती, तो माणूस याच गावात राहतो असं ऐकलंय," सुभेदार म्हणाले.

कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला. हवालदारांच्या खुर्चीशेजारी त्यांचा पलटणीतला जुना सोबती लंबू बसला होता, त्याने आपली काठी घट्ट धरली. हवालदार वळले.

"मीच तो, साहेब."

त्याला आता पस्तीसेक वर्षं होऊन गेली होती. हवालदार तेव्हा नाईक होते. वरची चौकी हिवाळाभर बर्फात अडकलेली असायची. वाट मोकळी झाली की साचलेला पगार वर पोचवायचा. त्या वर्षी कारकून, लंबू आणि हे, असे तिघं निघाले. लोखंडी पेटी हवालदारांच्या पाठीवर, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली. वाटेत नाला. नाल्यावर दोर आणि फळ्यांचा पूल. बर्फ वितळून पाणी फुगलेलं, गढूळ, दगडांवर आपटत चाललेलं. कारकून आधी पार झाला. मधोमध लंबूच्या पायाखालची फळी उलटली. तो खाली गेला, दोराला कसाबसा लटकला, एक पाय दगडांत अडकला, कमरेपर्यंत पाणी.

हवालदार फळ्यांवर पालथे पडले आणि हात खाली घातला. तशी पेटी सरकून मानेवर आली आणि त्यांनाच कडेकडे ओढू लागली. हात लंबूपर्यंत पोचेना. लंबूची बोटं दोरावरून निसटत चाललेली दिसत होती. हवालदारांनी छातीवरचं बकल उघडलं. पेटी खांद्यावरून घरंगळली आणि पाण्यात गेली. मग त्यांनी दोन्ही हातांनी लंबूचा कमरपट्टा धरला. कारकून रांगत परत आला. दोघांनी मिळून लंबूला वर ओढला तेव्हा त्याचा पाय वाकडातिकडा झाला होता.

पेटीसाठी खालच्या अंगाला सगळा नाला पालथा घातला. सापडली नाही.

चौकशी लागली. आदल्या दिवशी कारकुनाने हवालदारांना तंबूमागे नेलं. "पट्टा तुटला म्हण. पट्टा पेटीबरोबर गेलाय. कोण बघायला येतोय?" सल्ला काही वाईट नव्हता. पण तो पट्टा निघायच्या आधी कंपनीच्या म्हाताऱ्या मोच्याने नव्याने शिवला होता आणि त्याची पेन्शन तोंडावर आली होती. पट्टा तुटला म्हटलं की पहिली मान त्याची अडकणार. हवालदार म्हणाले, "माझ्या गळ्यातलं काढून त्याच्या गळ्यात घालू का?" कारकुनाने कपाळावर हात मारून घेतला.

तंबूत मेजरसाहेबांनी विचारलं, "बकल उघडलं गेलं, की तू उघडलंस?"

"मी उघडलं, साहेब."

"विचार करून?"

"विचाराला वेळ नव्हता, साहेब. पण हात माझेच होते."

लंबू दवाखान्यात तापाने फणफणत होता आणि त्याला काहीच आठवत नव्हतं. चोरीचा आळ कागदावर आला नाही, पण निष्काळजीपणाचा शिक्का बसला. पगारातून दर महिन्याला कापायचं ठरलं. बढती अडकली. मागून आलेले पुढे गेले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले; हे हवालदारावर थांबले.

कागदावर जे आलं नाही, ते तोंडातोंडी आलं. पलटणीत त्यांना 'पेटीवाला' म्हणू लागले. घरी जाणारी मनीऑर्डर आटली. पत्र लिहावं तर ते बायकोला वाचून दाखवायचे शेजारचे मास्तर, आणि असली गोष्ट मास्तरांच्या तोंडून तिच्या कानी जायला नको. म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही. सुट्टीवर आले तेव्हा बायकोने त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलेलं होतं. दोन दिवस अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "एवढंच होतं तर आधी सांगायला काय झालं होतं? मी इथे दवाखान्यातल्या कुठल्याशा नर्सला सहा महिने शिव्या घालतेय." तेवढ्या एका घरात तो विषय मिटला. पण पलटणीतल्या कुणाकडून तरी तो गावात पोचलाच, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी घरावर एक खोली चढवली तेव्हा शेजारी म्हणालेच, पेटी उघडली वाटतं. त्यांच्या मुलीने ते शाळेत ऐकलं आणि रडत घरी आली.

लंबूचा पाय आखूड राहिला. त्याला लवकर घरी पाठवलं. तो किल्ल्या आणि कुलपं दुरुस्त करायचं दुकान चालवायचा. हवालदार निवृत्त होऊन आले तेव्हापासून बैठकीत त्यांच्या शेजारची खुर्ची त्याची. त्याने कधी आभार मानले नाहीत. आभार मानण्याइतके ते दोघं एकमेकांना परके उरले नव्हते.

आणि आता त्या पत्र्याच्या खोलीत सुभेदार समोर उभे होते.

त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं की तो पगार मिळाला खरा, पण फार उशिरा. तोवर घरी पैसे गेले नाहीत. धाकट्या भावाची फी थकली, शाळेने नाव काढलं. पोरगा घरी बसून काय करणार, म्हणून वडिलांनी त्याला लाकडाच्या वखारीत लावला. त्याच वर्षी त्याचा हात करवतीत गेला.

"तीन बोटं," सुभेदार म्हणाले. "रोज त्याच्या हाताकडे बघतो मी. पट्टा नीट बांधायला काय झालं होतं तुम्हाला?"

कारकून हवालदारांकडे बघत होता. तंबूमागे जी नजर होती तीच नजर. आता तर तो मोचीही जिवंत नव्हता. हवालदारांना वाटलं, एक शब्द बोललो तर हे इथेच संपेल.

"पट्टा नीटच बांधला होता, साहेब. मी सोडला."

"सोडला? कशासाठी?"

हवालदारांनी उत्तर दिलं नाही. लंबूकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर ती तीन बोटं त्याच्या डोक्यावर जाऊन बसली असती. मग काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला आणि लंबू आपण होऊन उभा राहिला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "मी खाली नाल्यात लटकत होतो."

सुभेदारांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या आखूड पायाकडे बघितलं. चहा तसाच टाकून ते निघून गेले.

पुढचे चार दिवस हवालदारांचं जेवणात लक्ष नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की या गोष्टीचं भाडं आपण एकट्याने भरलं. आणखी कोणीतरी भरत होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी बायको म्हणाली, "ताटाशी बसून ताटाकडे बघत राहण्यापेक्षा जाऊन भेटा त्याला."

भावाचं सुतारकामाचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. हवालदार दुपारी गेले. दारातच स्टुलावर सुभेदार बसले होते. हवालदारांना बघताच उठले.

"इथे कशाला आलात?"

"तुमच्या भावाला भेटायला."

"त्याच्याशी तुमचं काय काम?"

आतून भाऊ बाहेर आला. पन्नाशीचा, अंगभर भुसा. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मध्ये मोकळी जागा. हवालदारांची नजर आधी तिथेच गेली, आणि गेल्याचं त्यालाही दिसलं. हवालदारांनी आपण कोण ते सांगितलं. सुभेदार मध्ये बोलायला लागले तसा तो म्हणाला, "दादा, थांब जरा." मग हवालदारांना विचारलं, "त्या दिवशी दादाने काहीतरी अर्धवट सांगितलं. माणूस होता म्हणे खाली. जगला?"

"जगला. पायाने अधू झाला. दोन मुली झाल्या त्याला. धाकटीला आता नोकरी लागली."

भाऊ म्हणाला, "आम्ही घरात सगळे म्हणायचो, पेटी चोराने नेली. मी इतकी वर्षं त्या चोराला शिव्या घालत आलो. करवत चालू केली की रोज एक शिवी. आता कुणाला घालू?"

"मला घाला," हवालदार म्हणाले. "मी समोरच आहे."

भाऊ हसला नाही आणि चिडलाही नाही. आत वळून म्हणाला, "आज जमणार नाही. संध्याकाळपर्यंत चार खुर्च्या द्यायच्यात. या आत. हा पाय धरून ठेवा, सरस लावलाय. हलू देऊ नका."

हवालदार जमिनीवर बसले आणि खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरून राहिले. भाऊ दोन बोटांच्या हाताने पटाशी धरून दुसऱ्या खुर्चीची खाच सरळ करत होता, आणि त्याचा हात असा सराईत फिरत होता की हवालदारांना त्याच्याकडे बघताना संकोच वाटेनासा झाला. भाऊ कामाबद्दलच बोलत राहिला, कुठलं लाकूड फुगतं, कुठलं फाटतं. शाळेचं नाव त्याने काढलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. सुभेदार दारात पाठमोरे बसून होते.

निघताना सुभेदार कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आले. कोपऱ्यावर थांबून रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या लंबूला सांगा, मी उठून गेलो ते त्याच्यावर चिडून नव्हे. त्याच्याकडे बघून मला बोलता येईना."

"सांगतो, साहेब."

"तुमच्याबद्दल मला अजून काही ठरवता आलेलं नाही."

"चालेल, साहेब," हवालदार म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

लंबूच्या दुकानावरून ते घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने दार उघडलं आणि त्यांच्या शर्टाकडे बघून विचारलं, "हा भुसा कसला?"

"त्याच्या खुर्चीचा पाय धरून बसलो होतो."

"त्याने धरायला लावला?"

"हो."

तिने त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला, ताट वाढलं, आणि समोर बसून म्हणाली, आता पहिल्यापासून सांगा. ते जेवता जेवता सांगू लागले.