कुकरात शिजलेली माती

आमच्या घरात एकदा कुकरमध्ये माती शिजली. हसू नका! चांगली शिट्ट्या देऊन शिजली. गोखिवऱ्याच्या शाळेतून मी घरी आले, तर दारातच उकडलेल्या चिखलाचा वास. ओट्यापाशी माझे सासरे, डाळ लावल्याच्या थाटात उभे.

"बाबा, हे काय?"

"माती. जंतू मारतोय."

मी पोरांना जीवशास्त्र शिकवते हो! हसावं की रडावं कळेना. सांडोरहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी आपल्या वाडीतली काळीभोर माती दिली होती आणि बाबांनी तिचं पिठलं केलं होतं. पण बाबाच ते. दुधाच्या पिशवीलासुद्धा साबणाने आंघोळ घालणारा माणूस.

हा खटाटोप एका मिरचीसाठी होता. सासूबाईंची मिरची. त्यांच्या माहेराहून आलेली, ठेंगणी, आभाळाकडे तोंड करून वाढणारी. तिचा ठेचा म्हणजे डोळ्यांत पाणी आणि पानात आणखी एक भाकरी. आई दवाखान्यात होत्या तेव्हा घराकडे बघायला कुणाला सवड होती? गॅलरीतलं झाड वाळलं. मग आईही गेल्या. पुढे मसाल्याच्या डब्याच्या तळाशी एक सुकलेली मिरची सापडली. तिच्या बिया बाबांनी त्या शिजलेल्या मातीत पेरल्या आणि त्यातलं एकच रोप जगलं.

"हे गेलं तर संपलं, सूनबाई," बाबा म्हणाले. दिवसातून कितीदा तरी म्हणायचे.

आणि रोप तर रुसून बसलेलं! वाढेना की फुटेना. त्यात मावा पडला. पानांच्या पाठीवर हिरव्या किड्यांची जत्रा, सगळं चिकट. बाबांनी साबणाचं पाणी मारलं, कडुनिंबाचं तेल मारलं. आज धुतलं की उद्या जत्रा पुन्हा हजर.

शेवटी मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि वर्गात शिकवते तसं हातवारे करून सांगितलं. "बाबा, मातीतले जिवाणू, बुरशा मुळांशी सोयरीक करतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला खाऊपिऊ घालतात. शिवाय मुळांना सारखे डिवचत राहतात, म्हणून झाड सावध असतं. किडा चावला की पानात झटकन कडूजहर काहीतरी तयार करतं. आणि तुम्ही..."

"मी अख्खं वऱ्हाडच उकडलं?"

"शिट्ट्या देऊन!"

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या काकू जाळीतून डोकावल्या.

"मग सांडोरची माती पुन्हा मागव," बाबा म्हणाले.

"ती येईलच. पण त्याहून भारी माती घरातच आहे की." मी कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवलं. आईंच्या मिरचीची कुंडी. आत नुसती वाळकी काडी. आई त्यात तांदळाचं धुवण घालायच्या, ताकाचं भांडं विसळून ओतायच्या. आई गेल्यावरही बाबा त्या काडीला रोज सकाळी पाणी घालत आणि आम्ही कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

बाबांचं हसू मावळलं. "त्या कुंडीला हात लावायचा नाही," म्हणाले आणि उठून आत गेले. झालं! माझी जीभ ना, नको तिथे वळवळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत खरवडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाबा वर्तमानपत्र पसरून उकिडवे बसलेले, आईंच्या कुंडीत मनगटापर्यंत हात घालून. हातमोजे नाहीत, काही नाही.

"हे जिवंत आहेत म्हणतेस?"

"आहेत की, बाबा."

"तिने पोसलेले?"

"त्यांची पोरंबाळं, नातवंडं म्हणा."

त्यांनी ओंजळभर माती उचलली, नाकाशी नेली आणि रोपाच्या बुडाशी हळूच घातली.

मग काय सांगू! रोपाने हळूहळू कात टाकली. नवी पानं जाड, काळपट हिरवी. मावा घटला. एके दिवशी लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा चित्रांग भुंगेरा, आपला लेडीबग हो, येऊन उरलेले किडे मटकावू लागला. मी तर गॅलरीत नाचलेच! आता मातीने केलं की हवा पालटली, की कडुनिंब उशिरा लागू पडला, हे छातीठोक नाही सांगता यायचं. शिक्षिका आहे, खोटं कशाला बोलू? पण बाबांना विचाराल तर त्यांचा निकाल केव्हाच लागलाय.

पहिली मिरची पिकल्यावर बाबांनी आधी तिच्या बिया काढून पुडीत बांधल्या. मग उरलेली भाकरीवर ठेवून खाल्ली. कान लाल, नाक लाल, उचकी! मी ताकाचा पेला पुढे केला. डोळ्यांतलं पाणी पुसत, हसत त्यांनी अर्धा पेला गटागटा संपवला आणि थांबले.

उरलेलं ताक घेऊन गॅलरीत गेले, पाणी घालून पातळ केलं आणि आईंच्या कुंडीतल्या मातीत ओतलं.

"बाबा, त्यात तर काहीच लावलेलं नाहीये."

"नसू दे," ते म्हणाले. "ती नाही म्हणून यांना उपाशी ठेवायचं का?"