वाटेत उतरणाऱ्या मावशी

मावशींना मी पहिल्यांदा विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हा त्यांना चुकीच्याच विमानतळावर नेलं. न्यू जर्सीच्या पार्सिपनीत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाची गाडी ‘एअरपोर्ट’ म्हटलं की आपोआप नुअर्कला जाते. मावशींची फ्लाइट होती जेएफकेहून. हे माझ्या लक्षात आलं ते बॅग ट्रंकमधून काढून, तिचं हँडल वर ओढून, “सांभाळून जा हं मावशी” असं म्हणून झाल्यावर. मावशींनी शांतपणे फोनवरचं तिकीट माझ्यापुढे धरलं. मी घाईघाईने बॅग पुन्हा ट्रंकमध्ये कोंबली. त्या मात्र परत गाडीत जाऊन बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, “चला जावईबापू. घरातनं इतक्या लवकर मी उगाच नाही निघाले. तुम्ही गाडी कशी चालवता ते बघितलंय मी.”

मी त्यांचा जावई नव्हे. माझी बायको केतकी सांगलीची, मावशीही सांगलीच्या. तेवढ्या आधारावर त्यांनी मला गावाचा जावई करून टाकलं होतं. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या मंदारची आई. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर रिझर्वेशनच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी झाली. “आयुष्यभर लोकांना पुणं विकलं, गोवा विकला,” त्या सांगायच्या. “मी मात्र खिडकी बंद करून रोज घरी.” काका गेल्यावर मंदारने त्यांचं ग्रीन कार्ड केलं, आणि त्यांचं अर्धं वर्ष इथे, अर्धं सांगलीत असं सुरू झालं. एकदा मंदारने स्वस्तातलं म्हणून कोपनहेगनला विमान बदलणारं तिकीट काढलं. मावशींनी ते नीट वाचलं आणि विचारलं, “गाडी थांबतेच आहे, तर उतरायला काय हरकत आहे?” मंदार हसला. त्याला वाटलं, आई विनोद करते आहे. आईने न्यूयॉर्कला जाऊन व्हिसा काढला, तिकीट बदलून घेतलं, आणि चार दिवस एकटीने वाटेत उतरली. माझी विमानतळाची ती ऐतिहासिक कामगिरी याच वेळची.

उतरायच्या त्या होस्टेलमध्ये. त्याला त्या धर्मशाळा म्हणत. एका खोलीत सहा पलंग, बाकीची पाच पोरं पाठीवर पोती घेऊन जग फिरणारी, आणि खालच्या पलंगावर नऊवारी नव्हे, पण पाचवारी नेसून, वर मंदारचं जुनं जॅकेट घालून मावशी. “घोरत नाहीत बिचारी,” असं त्यांचं त्या पोरांबद्दलचं मत. सोबत दशम्या आणि लसणीची चटणी असायची. तिथलं जेवण परवडत नाही ही तक्रार आपण करतो. मावशी ती माहिती म्हणून सांगायच्या. “तिथं हॉटेलात जेवायचं नसतं. बाकावर बसून जेवायचं. बाक चांगले आहेत.”

त्या शहरातली त्यांची सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे पाण्यावरची एस.टी. बंदरातून इकडून तिकडे जाणारी पिवळी बोट. साध्या बसच्या तिकिटावर चालते. बाकीचे प्रवासी रांगा लावून महागड्या बोटीतून शहर बघायचे, तेव्हा मावशी ह्या बोटीत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या लोकांबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. “वेळेवर सुटते हो,” त्या सांगायच्या. हे सांगताना आवाजात जरा हेवा असे. खात्यातल्या माणसाचा.

आणि ती बाबागाडी. पहिल्याच खेपेला मावशींनी पाहिलं, की एका बेकरीच्या बाहेर, चांगल्या गार वाऱ्यात, बाबागाडीत एक तान्हं बाळ झोपलंय आणि जवळ कोणी म्हणजे कोणी नाही. तिकडे बाळांना असं बाहेर झोपवायची रीतच आहे, हे मावशींना काय माहीत? त्या बाबागाडीच्या दांड्याला धरून पहारा देत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने आतून पीठभरल्या हातांची एक तरुण बाई आली. बेकरी तिचीच, बाळही तिचंच. मावशींनी तिला अस्सल सांगलीच्या मराठीत झापलं, “अगं ए बाई, लेकराला वाऱ्यात टाकून कुठं गेलीस?” ती बाई आधी बावरली, मग हसली, आणि मावशींना आत नेऊन कॉफी आणि वेलदोड्याचा पाव दिला. वेलदोडा निघाल्यावर मावशींचा राग गेला. “वेलदोडा घालते म्हणजे घरंदाज असणार.”

पुढच्या वर्षी मावशी पुन्हा कोपनहेगनलाच उतरल्या. बाळासाठी विणलेली कानटोपी घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही. आमच्या मंडळातल्या, युरोप दहा दिवसांत उरकलेल्या लोकांना हे बघवेना. “मावशी, आता पॅरिस करा. स्वित्झर्लंड करा.” मावशी म्हणायच्या, “तुम्ही करा. मी बसते. एकदा बघून शहर कळतं होय? मंदार मला अजून कळला नाही.”

मग एका एप्रिलमध्ये, सांगलीहून आल्या आल्या, त्या पडल्या. कोपनहेगनला नव्हे, इथे, मंदारच्या ड्राइव्हवेवर, अवेळी पडलेल्या बर्फावरून घसरून. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण मंदारने त्यांचं परतीचं तिकीट काढलं ते थेट मुंबईचं, मध्ये कुठेही न थांबणारं, वर व्हीलचेअर सांगितलेली. मावशी दुपारी आमच्याकडे यायच्या आणि चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही बोला त्याच्याशी. मला व्हीलचेअरमधून पार्सलसारखं नाही जायचं हो.”

मी गेलो. मंदारच्या डेकवर त्याच्याशी अर्धा तास उत्तम बोललो. बोलणं सगळं त्याच्या नव्या ग्रिलबद्दल झालं. परत आलो तेव्हा केतकीने माझा चेहरा पाहिला, पायात चपला सरकवल्या आणि स्वतः गेली. कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

“केतकीवहिनी, उद्या तिकडे काही झालं तर? कोण आहे तिथे तिचं?”

“इथे काय झालं मग? तुझ्या दारात पडल्या त्या. तू होतास ना घरात?”

मंदारने ग्रिलचं झाकण उघडून परत लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “ओके. पण लोकेशन ऑन ठेवायचं.”

त्या आठवड्यात मंदार ऑफिसच्या कामाला ऑन-कॉल होता, मी नव्हतो; त्यामुळे फोनच्या नकाशावरच्या मावशींच्या निळ्या ठिपक्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. विमानतळाकडे निघताना मावशींनी विचारलंच, “आज कुठला दाखवताय?” मी जेएफकेला बरोबर नेलं.

दोन दिवस ठिपका मजेत फिरला. पाण्यावरून गेला, पाण्यावरून आला. तिसऱ्या दिवशी, आमच्या शनिवारी सकाळी, तो एका रस्त्यावर थांबला आणि हलेचना. मी पोहे खाल्ले, ठिपका तिथेच. फोन लावला, उचलत नव्हत्या. शेवटी मंदारला सांगावं लागलं. तो पायजम्यातच धावत आला. होस्टेलला फोन केला. बाई सकाळीच बाहेर पडल्या म्हणाले. मंदार आमच्या किचनमध्ये येरझाऱ्या घालत होता. “मी कशाला हो म्हटलं? व्हाय डिड आय से येस, यार?” केतकीकडे त्याने पाहिलं नाही, पण ते तिलाच होतं. केतकीचा चेहरा उतरला होता. आमची मुलगी मात्र दूध-सिरियलचा वाडगा घेऊन आली, माझ्या फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, “बाबा, शी इज नॉट लॉस्ट. शी इज जस्ट नॉट मूव्हिंग.” मंदार पोलिसांचा नंबर शोधायला लागला आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी.

“काय हो, इतक्यांदा फोन? पिशवीत होता, ऐकू नाही आला.”

“आई, कुठे आहेस तू?” मंदारने फोन माझ्या हातातून ओढून घेतला होता.

“हळू बोल. बेकरीवालीला दुसरी मुलगी झालीय. बाहेर झोपलीय. मी उभी आहे जवळ.”

“अगं, तिकडे बाळं बाहेरच झोपतात आई! तुला माहितीये आता!”

“माहितीये की. म्हणून काय झालं? मी आहे तर उभी राहते.”

मंदार खुर्चीवर बसला. हसत होता की काय करत होता ते मला नीट दिसलं नाही, कारण मीही दुसरीकडे बघत होतो.

ती त्यांची शेवटची खेप. त्या हिवाळ्यात मावशी सांगलीत गेल्या, झोपेतच. मंदार जाऊन सगळं करून आला. आम्ही त्याच्याकडे जाऊन बसलो, काय बोलायचं ते बोललो. पुढे शरद ऋतू आला, मावशींची निघायची वेळ. केतकीला सांगलीला आईकडे जायचं होतं. ती तिकिटं बघत होती, आणि एकदम म्हणाली, “मी वाटेत उतरणार आहे.”

“एकटी? तिकडे कोण आहे तुझं?” माझं बोलून झालं आणि कळलं की हे वाक्य मी कुंपणापलीकडून ऐकलेलं आहे.

“ती बेकरीवाली या दिवसांत वाट बघत असेल रे. तिला सांगायला कोणीतरी जायला नको?”

“ईमेल करू. त्यांचं पेज असेल काहीतरी.”

“असं ईमेलवर सांगतात?”

तिने त्याच होस्टेलमध्ये खालचा पलंग घेतला. आदल्या दिवशी घरात दशम्यांचा वास होता, आणि मंदारने कपाटात सापडलेली अर्धी विणलेली कानटोपी आणून दिली. ती पूर्ण करता येईल का, हे केतकी युट्यूबवर बघत होती.

निघायच्या दिवशी मी बॅग ट्रंकमध्ये ठेवली, जेएफके, जेएफके असं मनात घोकत ड्रायव्हरच्या बाजूला गेलो. केतकी तिथे आधीच उभी होती. तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

“सोडायला ये हवं तर,” ती म्हणाली, “पण तिकडे बस. गाडी मी चालवणार.”