टॉवेल, टोपी आणि शेवटचा ठोका

आमच्या घरात कधी टॉवेल विकत आणल्याचं मला आठवत नाही. आहेत ते सगळे सत्काराचे. कपाटाच्या खालच्या फळीवर त्यांची चळत आहे, शेजारी पांढऱ्या टोप्या एकात एक घालून ठेवल्या आहेत. त्यांतला जवळजवळ प्रत्येक टॉवेल म्हणजे कुठल्यातरी मंडळाच्या स्टेजवर मध्येच थांबलेलं एक गाणं आहे. बायको त्या टॉवेलांनी ओटा पुसते. मला ते बघवत नाही, पण बोलण्याचा अधिकारही वाटत नाही, कारण गाणं थांबवणारा बहुतेक वेळा मीच असायचो.

मी बेस गिटार वाजवतो. आमच्याकडे हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या व्हय?" आधी मी समजावून सांगायचो. आता "व्हय" म्हणतो आणि मग खोटं बोललो म्हणून दिवसभर मन खातं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांना मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मी बँडमध्ये वाजवतो. त्यांनी आदरानं विचारलं, "मग लग्नसराईत वरातीच्या तारखा लई असतील?" मी म्हटलं, आम्ही वरातीत वाजवत नाही. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. जो बँड वरातीतही वाजवत नाही त्याच्या हाती पोरगी कशी द्यायची, हा त्यांचा विचार आजही मला रास्त वाटतो.

आमच्या बँडमध्ये तिघं होतो. गाणारा एका सहकारी बँकेत होता, गिटारही तोच वाजवायचा. तो प्रेमाचं गाणंसुद्धा कर्ज नामंजूर केल्यासारखा चेहरा करून म्हणायचा. ड्रम वाजवणारा माझा शाळेपासूनचा मित्र. शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि माग बंद पडला की दोन्ही भाषांत शिव्या. आमची तालीम त्याच्याच शेडमध्ये, माग चालू असतानाच व्हायची. खटखट आधीच एवढी असायची की शेजारपाजारच्यांना आमचा त्रास वेगळा कळायचा नाही. तोटा एवढाच, की आम्हाला मागाच्या ठेक्यावर वाजवायची सवय लागली. स्टेजवर माग नसायचे. तिथं पहिली दोन मिनिटं आम्ही तिघं तीन दिशांना जायचो.

दुसऱ्यांची गाणी आम्ही पुष्कळ वाजवली, पण आमचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. ते नळाच्या पाण्याबद्दल होतं. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, केव्हा येईल सांगता येत नाही, आणि माणूस कान लावून बसलेला असतो, एवढाच त्याचा विषय. मध्यावर शब्द थांबायचे, नुसती वाद्यं हळूहळू चढत जायची, आणि शेवटी ड्रमचा एक जबरदस्त ठोका पडून सगळं एकदम शांत व्हायचं. नळ सुटल्यावर जीवाला वाटतं तसं. तो ठोका माझ्या मित्रानं शोधून काढला होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. शेडमध्ये तो ठोका अगणित वेळा पडला. लोकांसमोर एकदाही नाही.

त्याची कारणं आमच्या हातातली नव्हती, असं बाकीचे दोघं मोठ्या मनानं म्हणायचे. एका कॉलनीच्या कार्यक्रमात आम्ही चढत्या भागात पोचलो, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी आलं." पाच मिनिटांत मैदान रिकामं झालं. गाण्याचा एवढा खरा परिणाम दुसऱ्या कुणाला साधला नसेल. एकदा अध्यक्षांच्या नातवाचा केक कापायचा होता. पण बहुतेक वेळा कारण असायचं ते सत्कार.

आमच्याकडच्या कार्यक्रमात कलाकार हे सत्कारासाठी बोलावलेले असतात, मधला वेळ जावा म्हणून त्यांना वाजवू देतात. पुढे सोफे असतात, सोफ्यावर मान्यवर, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. फ्लेक्सवर मान्यवरांचे चेहरे परातीएवढे आणि आमचे तिघांचे खाली कोपऱ्यात, फोन नंबरासारखे. पाहुणे कधीच वेळेवर येत नाहीत, आणि आले की त्यांना लगेच दुसरीकडे जायचं असतं. म्हणून ते येतील त्या क्षणी, चालू गाण्यात, निवेदक माइक घेतो आणि पाहुणे टॉवेल-टोपी घेऊन स्टेजवर चढतात. गाणाऱ्याला ते सोपं जातं, तो तसाही थांबतो. ड्रमवाल्यापर्यंत सहसा कुणी पोचत नाही. बेसवाला मात्र स्टेजच्या कडेला, हाताशी उभा असतो. आणि माझ्यावर घरचे संस्कार असे, की गळ्यात कुणी टॉवेल घातला की माझे हात आपोआप जोडले जातात. हात जोडून बेस वाजवता येत नाही. बेस गेला की खालची जमीनच गेल्यासारखं होतं. ड्रम दोन-चार ठोके चाचपडतो आणि थांबतो. मग टाळ्या. त्या टाळ्या सत्काराला असतात, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

"तुला जरा दम धरता येत न्हाय व्हय बे?" मित्र दर वेळी विचारायचा.

"मोठी माणसं असतात रे. बरं दिसत नाही."

"आनि गानं अर्धं ऱ्हातंय ते बरं दिसतंय?"

 परत येताना तो माझ्या गळ्यातला टॉवेल उलटसुलट करून बघायचा. बऱ्याचदा तो त्याच्याच कारखान्याचा निघायचा. "आपलाच माल," म्हणायचा, "आनि काठ उसवलाय की."

एकदा आम्ही दोघं पहाटेच्या गाडीनं पुण्याला एक मोठा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. मोकळं मैदान, हजारो पोरंपोरी, आणि खुर्ची एकही नाही. मी आधी खुर्च्या शोधल्या. मग सोफे कुठे आहेत ते बघितलं, म्हणजे त्यांच्यापासून लांब उभं राहता येईल. तेही नव्हते. आपल्या उंचीमुळे मागच्या मुलीला दिसत नसेल या अपराधी भावनेनं मी अर्धा कार्यक्रम गुडघ्यात वाकून ऐकला. एका पोरानं येऊन विचारलं, "काका, बाथरूम कुठंय?" मला बघून त्याला वाटलं असणार, हा इथल्या व्यवस्थेतलाच. मी दोघांना विचारून त्याला नीट दाखवून आलो. पण माझा मित्र मात्र स्टेजकडे बघतच नव्हता. तो पाठ फिरवून लोकांकडे बघत होता. शेवटपर्यंत एकही माणूस बसलेला नव्हता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आपल्यासाटी एकदा तरी कुनी उभं ऱ्हायला पायजे बे."

मी म्हटलं, "पाणी आल्यावर राहिले होते की."

तो हसला नाही. मी हे बोलायला नको होतं.

नंतर त्याचे गुडघे गेले. मुलगी हैदराबादला, ती रोज फोनवर मागे लागायची. शेवटी त्यानं माग विकले, शेड भाड्यानं द्यायचं ठरवलं, ड्रमसेट घ्यायला एक ओळखीचा तयार झाला. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये ड्रम चालणार नाहीत, असं जावयानं फार नम्रपणे कळवलं होतं. जाण्याआधी आमच्या भागातल्या मंडळाचा कार्यक्रम होता, तो आमचा शेवटचा. शेडमधले माग उचलून नेले होते. त्या मोकळ्या जागेत तालीम करताना आम्हाला पहिल्यांदाच आमचं गाणं नीट ऐकू आलं. फार वाईट नव्हतं.

तालीम संपल्यावर त्यानं काठ्या खाली ठेवल्या. "ऐक बे," तो म्हणाला. "उद्या तुज्या गळ्यात कुनी सोन्याची चेन घालू दे. हात सोडायचा न्हाय. मला एकदा तो ठोका टाकून जायचंय."

मी शब्द दिला. गाणारा म्हणाला, "याच्या शब्दाला जामीन कोण?" बँकेतला माणूस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलं होतं. सोफे लागले होते, मधला सोफा रिकामा होता. म्हणजे प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येण्याआधी उरकावं म्हणून आम्ही सगळ्यांत आधी आमचं गाणं घेतलं. शब्द संपले, चढता भाग सुरू झाला, आणि मैदानाच्या दारात हालचाल झाली.

पाहुणे म्हणजे आमचे सर होते. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्त होऊन किती वर्षं झाली देव जाणे. त्या भागातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून, आणि त्यांतली बरीचशी त्यांच्या छडीखालून, गेलेली. हातात काठी, एका बाजूला मंडळाचा कार्यकर्ता. निवेदकानं माइक घेतला. "आदरणीय सरांच्या शुभहस्ते आपल्या कलाकारांचा सत्कार होतोय. सरांना पुढं लग्नाला जायचं असल्यामुळं…" आम्ही वाजवतच होतो, त्यामुळे पुढचं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मी मागे बघितलं. मित्र माझ्याकडेच बघत होता. विनवणी नव्हती त्या नजरेत. फक्त बघत होता, नळाकडे बघावं तसं.

सर पायऱ्या चढून थेट माझ्याकडे आले. कुणी नगरसेवक असता तर एक वेळ जमलं असतं. ज्या माणसानं मला मराठीच्या तासाला डबा खाताना पकडलं होतं, त्यानं काठी बगलेत धरून माझ्या गळ्यात टॉवेल घातला. माझे तळवे जोडले जायला निघाले. मी ते कसेबसे तारांवरच ठेवले आणि वाजवत राहिलो. हात जोडता येत नाहीत म्हणून मी कमरेत इतका वाकलो, की त्यांनी घातलेली टोपी घसरून डोळ्यांवर आली. मग त्यांनी नारळ पुढे केला.

नारळ घ्यायला मला हात नव्हता. टोपीखालून मला फक्त सरांचे बूट आणि तो नारळ दिसत होता. मी मान हलवून सांगू लागलो, की सर, थोडंसंच राहिलंय. सरांना ते कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी शांतपणे कानाचं यंत्र काढून खिशात टाकलं आणि नारळ तसाच पुढे धरून उभे राहिले. कार्यकर्ता कुजबुजला, "सर, बसून घेता का?" सरांना ऐकू येत नव्हतं.

आता सर उभे आहेत म्हटल्यावर सोफ्यावर बसणार कोण? आधी मंडळाचे अध्यक्ष उठले. मग सोफ्यांची अख्खी रांग उठली. मागच्या खुर्च्यांत सरांचे विद्यार्थी, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. सर उभे असताना बसायचं नाही, हे त्यांना आत कुठेतरी अजून आठवत होतं. एक एक करत सगळे उठले. प्लास्टिकच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आमच्या वाद्यांतूनही आला. मैदानात एकही माणूस बसलेला राहिला नाही.

आणि ठोका पडला.

शेडमध्ये पडायचा त्यापेक्षा मोठा. त्यानंतर ती शांतता, जशी हवी होती तशी. मी टोपी वर केली, हात जोडले, नारळ घेतला. सरांनी यंत्र कानात घातलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "छान. आता लग्नाला जाऊ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

मित्र ड्रमच्या मागे उभा होता. कार्यकर्त्यानं जाता जाता त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला होता, त्यानंच तो तोंड पुसत होता. लोकांकडे बघत होता, पुण्यात बघत होता तसाच.

"उभे हायत बे," तो म्हणाला. "सगळे उभे हायत."

गाणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "व्हय," मी म्हणालो.

तो हैदराबादला गेला त्याला आता बरेच महिने झाले. फोन येतो. मधूनच तो फोन स्पीकरवर टाकतो, कारण शेजारी जावयाचे कुणीतरी मित्र बसलेले असतात आणि त्यांचा विश्वास बसलेला नसतो. "सांग बे यांना. आपलं गानं चालू असताना लोक उठून उभे ऱ्हायले का न्हाय?"

मी कपाटाच्या खालच्या फळीकडे बघत असतो. त्या दिवसाचा टॉवेल सगळ्यांत वर आहे, तो मी ओट्यावर जाऊ दिलेला नाही. यात मी खोटं काहीच बोलत नाही, तरी फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत मनाला चैन पडत नाही.

"उभे राहिले," मी सांगतो. "अख्खं मैदान."

"सरसुद्धा?"

"सर तर सगळ्यांच्या आधी."